रस्त्याकडेचा फुकट मुक्काम : सात महिने, नऊ रात्री, घरचे पाच जण

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून उत्तरेला निघालं की तीनशे किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा लागतं आणि तिथून पुढे गावं जवळजवळ संपतात. मग फक्त रस्ता, शे-दोनशे किलोमीटरवर एखादं रोडहाउस म्हणजे पेट्रोलपंप आणि खाणावळ, आणि मध्येमध्ये रस्त्याच्या कडेला ड्रायव्हर लोकांना विसावा घेता यावा म्हणून सोडलेल्या मोकळ्या जागा. यातल्या बऱ्याच जागांवर रात्र काढता येते आणि पैसे पडत नाहीत. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तीन सुट्ट्यांत मिळून आम्ही अशा नऊ रात्री काढल्या. मी, नवरा, बारा वर्षांची थोरली, आठ वर्षांचा धाकटा, आणि जुलैत सांगलीहून आलेल्या सासूबाई. "बायकामुलांना घेऊन असं उघड्यावर राहता येतं का?" हे इथली आपली मंडळी इतक्यांदा विचारतात, की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

राहता येतं. आम्ही पुन्हाही जाणार आहोत. पण नऊपैकी एक रात्र अशी गेली की त्यानंतर घरात एक नियम झाला : सूर्य मावळायच्या निदान एक तास आधी गाडी थांबलीच पाहिजे. त्या रात्रीचं पुढे सांगते, आधी चांगल्या रात्रीचं.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही उलुरूला, म्हणजे वाळवंटातला तो प्रसिद्ध तांबडा खडक बघायला निघालो होतो. पहिला मुक्काम लेक हार्टचा. पोर्ट ऑगस्टाहून स्टुअर्ट हायवेने पावणेदोनशे किलोमीटरवर पिंबा येतं, तिथून आणखी चाळीसेक किलोमीटर. ॲडलेडहून सकाळी लवकर निघालं तर मुलांना दोन ठिकाणी पाय मोकळे करू देऊनही चारच्या आत पोचता येतं. समोर मिठाचं तळं, पाणी जवळजवळ नाहीच, पांढरा थर क्षितिजापर्यंत. तळं आणि मुक्कामाची जागा यांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. रूळ ओलांडून मिठावर चालायला जाणारे लोक दिसले, मुलांनीही हट्ट धरला, पण आम्ही गेलो नाही. मालगाडी किती वेगाने येते ते त्याच रात्री कळलं. शिवाय हा सगळा भाग वूमेराच्या, म्हणजे रॉकेटं आणि शस्त्रांच्या चाचण्यांच्या प्रतिबंधित क्षेत्रात येतो, हायवे सोडून आत शिरायला परवाना लागतो. रुळांच्या अलीकडे उभं राहूनही तळं पुरेसं दिसतं. साडेपाचच्या सुमाराला ते आधी गुलाबी झालं, मग जांभळं, आणि मग अंधारात एकटं तेच पांढरं राहिलं.

धाकट्याला रॉकेटांचं वेड आहे, त्यामुळे हे प्रतिबंधित क्षेत्र म्हणजे काय ते त्याला मी तिथेच बसून सांगितलं. जवळजवळ १ लाख २२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दोन-पंचमांश एवढी जागा नुसती चाचण्यांसाठी राखलेली. १९६४पासून युरोपीय देशांची युरोपा रॉकेटं सुटली ती याच तळ्याच्या काठावरून. जपानच्या हायाबुसा २ यानाने लघुग्रहावरची माती आणून २०२०च्या डिसेंबरात टाकली तीही याच क्षेत्रात. पुस्तकातली गोष्ट आणि पायाखालची जमीन एकच आहे हे कळल्यावर त्याचा जो चेहरा झाला, तो मी विसरणार नाही.

रात्री मुगाची खिचडी आणि भाजलेले पापड. नुकतीच अमावास्या होऊन गेली होती, चंद्र नव्हता. दहाच्या सुमाराला सासूबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या आणि मान वर करून बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगं, हा विंचू इथं असा डोक्यावर कसा?" आपल्याकडे वृश्चिक रास दक्षिणेला खाली दिसते. इथे ज्येष्ठेचा तांबडा तारा थेट माथ्यावर होता आणि मूळ नक्षत्राचा आकडा नीट मोजता येत होता. त्रिशंकू नैर्ऋत्येला. त्याच्याशेजारी आकाशगंगेत जो काळा डाग आहे ते इथल्या अनेक आदिवासी समाजांच्या मते इमूचं डोकं. मान तिथून निघून वृश्चिकाकडे येते आणि तिथे अंग पसरतं. आपण ताऱ्यांना जोडून आकृती करतो, ते ताऱ्यांमधल्या काळोखाची करतात. थोरलीला ते आधी दिसलं, मग तिने बोट धरून आजीला दाखवलं. आषाढ लागला होता. सासूबाईंनी दोन वेळा वारी केली आहे. "पालखी आत्ता कुठं असेल गं?" एवढंच म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

पहाटे दोनला मालगाडी आली. आधी जमिनीतून घरघर, मग तंबूच्या कापडावर दिव्याचा झोत, मग एकावर एक दोन-दोन कंटेनर रचलेले डबे, संपता संपेनात. ॲडलेड-डार्विन प्रवासी गाडी 'घान'ही याच रुळांवरून जाते. उंटांचे तांडे हाकणाऱ्या 'अफगाण' लोकांवरून तिला हे नाव पडलं. त्यांच्यातले कित्येक खरं तर तेव्हाच्या हिंदुस्थानातून, बलुचिस्तान, सिंध, पंजाबातून आलेले होते. मुलं झोपेतच राहिली. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मात्र कापसाचे बोळे न्यावेत, किंवा ही जागा सोडावी.

आता थंडीचं. वाळवंट म्हटलं की आपल्या डोक्यात उन्हाळा असतो. पहाटे गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान १ अंश होतं. आमच्या स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात ५ अंश लिहिलेलं होतं, तरी थोरली साडेतीनला कुडकुडत माझ्याकडे आली. नंतर लेबल नीट वाचलं तेव्हा कळलं की मोठा आकडा सहनशक्तीच्या टोकाचा असतो. आरामात झोप लागेल तो आकडा बारीक अक्षरात वेगळा दिलेला असतो, आणि आमच्या बॅगेवर तो १० होता. विकत घेताना तो बारीक आकडा बघा. दुसरं, थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून लागते. हवा भरायच्या गादीत अंगाखालची हवाच गार पडते. आम्ही पुढच्या रात्रीपासून गादीवर जुनी गोधडी घातली, आणि त्या एका गोधडीने जेवढं काम केलं तेवढं महागड्या बॅगेने केलं नाही. तंबूची वरची जाळी थंडी म्हणून बंद करू नका. पाच जणांच्या श्वासाचं पाणी होऊन सकाळी छतावरून ठिबकतं.

सकाळचा चहा हीसुद्धा परीक्षाच. छोट्या डब्याच्या शेगडीतला ब्यूटेन शून्याच्या आसपास नीट पेटत नाही, ज्योत मरगळते. सासूबाई चारला उठणाऱ्या, त्यांना सातपर्यंत चहा मिळाला नाही याचं मला फार वाईट वाटलं. ऑक्टोबरच्या आधी आम्ही प्रोपेनचं छोटं सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी घेतली, तेव्हापासून हा प्रश्न नाही. लाकडाच्या शेकोटीच्या भरवशावर राहू नये. आगीचे नियम हंगामाप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलतात, संपूर्ण बंदीच्या दिवशी उघड्यावर शेकोटी म्हणजे गुन्हा, आणि रस्त्याकडेची वाळकी लाकडं ही तिथल्या सरड्यापाखरांची घरं आहेत.

ती वाईट रात्र एप्रिलमधली, आमची दुसरीच. दुपारी जेवायला उशीर झाला, निघायला उशीर झाला, आणि ठरवलेल्या जागेच्या साठ किलोमीटर अलीकडेच दिवस मावळला. कांगारू नेमके त्याच वेळी रस्त्यावर येतात. एक आमच्या दिव्यांच्या उजेडात उजवीकडून आला, नवऱ्याने ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं नाही म्हणून वाचलो. पुढची चाळीस मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही. जागेवर पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. जिथे सपाट दिसलं तिथे तंबू ठोकला. तो भाग ट्रकसाठी राखलेला आहे हे अंधारात कळलं नाही. शेजारच्या शीत-ट्रेलरचं, म्हणजे माल गार ठेवणाऱ्या ट्रेलरचं, इंजिन रात्रभर चालू. बाराच्या पुढे एक रोड ट्रेन, म्हणजे मागे दोन-तीन ट्रेलर जोडलेला ट्रक, आत आली, या गाड्या ५३ मीटरपर्यंत लांब असतात, आणि तिला वळायला जागा उरली नव्हती. ड्रायव्हर उतरून आला, टॉर्च जमिनीकडे धरून लांबूनच हाक मारली. आवाज चढवला नाही. आम्ही तंबू उचलेपर्यंत इंजिन बंद करून थांबला. चौदा तास ड्यूटी झालेला माणूस आमच्यामुळे अर्धा तास जागा राहिला. त्यांच्या विश्रांतीच्या वेळा कायद्याने बांधलेल्या आहेत, आणि या जागा मुळात त्यांच्यासारख्यांनी गाडी चालवताना डुलक्या घेऊ नयेत म्हणून केलेल्या आहेत. आपण तिथे पाहुणे. उजेडात पोचलं की ट्रकची बाजू कुठली, वारा कुठून, उतार कुठे, संडास किती पावलांवर, सगळं दिसतं. एक तास आधीचा नियम त्या रात्रीपासूनचा.

संडासाचं स्पष्ट सांगते, कारण बायकांना तेच आधी विचारायचं असतं. बऱ्याच जागी खड्ड्याचा कोरडा संडास असतो, काही जागी काहीच नसतं. असलेला बहुधा स्वच्छ होता, कागद मात्र निम्म्या वेळा नव्हता. बसायच्या आधी सीटखाली टॉर्च मारायची, तिथे विषारी रेडबॅक कोळी असू शकतो. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आम्ही घरूनच पोर्टेबल टॉयलेट आणि उभा अरुंद तंबू नेला होता. ते पुढच्या गावातल्या नेमलेल्या जागीच रिकामं करायचं. आंघोळ रोडहाउसवर, थोडे डॉलर देऊन. पाण्याचे दोन वीस-वीस लिटरचे कॅन भरल्याशिवाय आम्ही पोर्ट ऑगस्टा सोडत नाही. काही जागी पावसाच्या पाण्याची टाकी असते, ते उकळल्याशिवाय पीत नाही.

पेट्रोलचा हिशेब पाठ करून निघा. पिंबा ते ग्लेंडॅम्बो ११३ किलोमीटर, ग्लेंडॅम्बो ते कूबर पिडी अडीचशेच्या वर आणि मध्ये पंप नाही. आमच्या फोनला बहुतेक मुक्कामांवर सिग्नल नव्हता. म्हणून खिशात मावणारं संकटसूचक यंत्र घेतलं, उपग्रहाला थेट संदेश देणारं, त्याची सरकारी नोंदणी मोफत होते. अजून वापरायची वेळ आलेली नाही. माश्यांसाठी टोपीवरून घ्यायची जाळी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवीच, जुलैत लागली नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर नऊ रात्रींत एकदाही भीती वाटावी असं माणसांकडून काही झालं नाही. आजूबाजूला बहुतेक कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन फिरणारी निवृत्त जोडपी. संध्याकाळी खुर्च्या घेऊन बसतात, पुढचा रस्ता कसा आहे ते सांगतात. एका आजोबांनी धाकट्याला तंबूची खुंटी वाऱ्याच्या विरुद्ध तिरकी कशी ठोकायची ते दाखवलं. आता घरचा तंबू तोच ठोकतो. तरीही दुसरी एकही गाडी नसलेल्या जागी आम्ही थांबत नाही, पुढच्या जागेवर जातो. त्यासाठीही हाताशी उजेड लागतो.

जिवाला लागलेली एकच गोष्ट. एका सुंदर जागी झुडपांच्या मागे वापरलेले डायपर आणि कागदांचा खच पडला होता, आणि शेजारीच भारतीय मसाल्यांची रिकामी पाकिटं. पाकिटावरचं देवनागरी थोरलीने मोठ्याने वाचलं. मला तिच्याकडे बघवेना. या जागांवर बहुतेक ठिकाणी कचरा उचलायला रोज कोणी येत नाही. अशानेच फुकट जागा बंद होतात, पाटी बदलते, आणि ट्रकवाल्यांचीही सोय जाते. दोन जाड पिशव्या गाडीच्या मागे बांधा आणि आपलं सगळं पुढच्या गावापर्यंत परत न्या. राहायची मुदतही पाटीवर असते, बहुतेक ठिकाणी २४ तास. ती पाळा.

पैशाचं बोलायचं तर कॅरॅव्हॅन पार्कात, म्हणजे पैसे देऊन राहायच्या जागी, आम्ही रात्रीला पन्नास-साठ डॉलर मोजले आहेत, पण नऊच्या नऊ रात्री फुकट काढाव्यात असं मी म्हणणार नाही. दोन रात्री अशा, तिसरी पार्कात : कपडे धुवायचे, फोन चार्ज करायचे, केसांवरून पाणी घ्यायचं. मुलं लहान असतील तर हेच प्रमाण बरं पडतं.

सासूबाई पुढच्या एप्रिलमध्ये परत येत आहेत आणि त्यांनी फोनवर लेक हार्टचंच नाव घेतलं, "ते मिठाचं तळं" म्हणून. त्यांच्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीची घडीची खाट आणून ठेवली आहे. मागच्या वेळी जमिनीवरच्या गादीवरून त्यांना उठवायला आम्हाला दोघांना हात द्यावा लागला होता.