इग्नूचं एम.ए. एज्युकेशन, हायस्कूलची नोकरी सांभाळून: माझा रिव्ह्यू

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण बरेच जण इथंच फसतात. एम.ए. एज्युकेशन म्हणजे एम.एड. नाही. एम.एड. ही एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) अखत्यारीतली डिग्री, २०१४ च्या नियमावलीप्रमाणे कॉलेजात हजर राहून दोन वर्षं करायची, त्यामुळे कुणी एजंट "मॅडम, ऑनलाइन एम.एड. करून देतो, परीक्षेलाच या फक्त" म्हणाला तर नमस्कार करायचा आणि फोन ठेवायचा. एम.ए. एज्युकेशन ही यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) कक्षेतली साधी पदव्युत्तर पदवी आहे, शिक्षणशास्त्र विषयातली, आणि मान्यता असलेल्या विद्यापीठातून डिस्टन्सनं किंवा ऑनलाइन केलेली पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीनं २०२२ मध्ये परत एकदा लिहून दिलंय. म्हणजे डिग्री खरी आहे, फक्त ती कशाला चालते आणि कशाला नाही हे फॉर्म भरायच्या आधी कळायला हवं.

मी अनुदानित हायस्कूलला नववी-दहावीला विज्ञान शिकवते, बी.एस्सी. बी.एड., घर आहे, मुलं आहेत, आणि वर्षातून कधीही बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची, ऑर्डर हातात पडू शकते. रेग्युलर काही करणं शक्यच नव्हतं. म्हणून इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ.

आता "ऑनलाइन" या शब्दाचं. लोक सरसकट ऑनलाइन एम.ए. म्हणतात पण मी केलं ते डिस्टन्सचं, त्यात प्रवेश ऑनलाइन, फी ऑनलाइन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, ग्रेड कार्ड ऑनलाइन, पुस्तकं हवी तर पीडीएफ (त्यावर फीत सूट मिळते), पण परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, तीन तास, पेनानं. लाइव्ह लेक्चर, रेकॉर्डिंग, ग्रुप डिस्कशन असलं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. इथं कुणी तुमच्या मागं लागत नाही. आपणच वाचायचं, आपणच लिहायचं. शिस्त असेल तर वरदान, नसेल तर दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांत, कारण कमाल मुदत चार वर्षं आहे आणि ती संपेपर्यंत रेटणारे माझ्या ओळखीत आहेत.

अभ्यासाची पुस्तकं, ज्याला तिथं ब्लॉक म्हणतात, ती ई-ज्ञानकोश या इग्नूच्या साइटवर फुकट पडलेली आहेत. प्रवेश घ्यायच्या आधी एक काम करा, एमईएस ०१३ (हा विषयाचा कोड), लर्निंग लर्नर अँड डेव्हलपमेंट, त्यातलं एखादं युनिट उघडा आणि झोपायच्या आधी वाचून बघा. पियाजे, वायगोत्स्की, ब्रूनर हे मानसशास्त्रज्ञ सगळे बी.एड.ला भेटलेले असतात, पण बी.एड.ला आपण ते पाच मार्कांच्या टिपेपुरते वाचलेले असतात आणि इथं ते सविस्तर येतात. नोकरीची दहाएक वर्षं झाल्यावर वाचताना मजा अशी येते की प्रत्येक पानावर आपल्याच वर्गातलं एखादं पोरगं दिसतं. एमईएस ०१२ मध्ये शिक्षणाचं तत्त्वज्ञान आहे, ०१४ मध्ये समाज आणि शिक्षण, ते मला आवडलं, ०१५ मात्र व्यवस्थापन वगैरे, कोरडं आहे, पाठ करा आणि सुटा. ०१६ म्हणजे संशोधन, त्यावर खाली लिहिते कारण खरा माल तिथं आहे.

तक्रार एकच, पण मोठी. मजकूर बराच जुना वाटतो. मुदलियार आयोग १९५२-५३, कोठारी आयोग १९६४-६६ हे सगळं व्यवस्थित मिळतं, पण आपण रोज ज्याच्याशी झगडतोय ते २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, शाळेची ५+३+३+४ अशी रचना, नववी ते बारावी हा एक टप्पा, त्यावर काही लिहायचं तर वेगळं वाचावं लागतं. आणि माध्यमिक शिक्षण असं स्पेशलायझेशन नाहीये. दुसऱ्या वर्षी उच्च शिक्षण, दूरशिक्षण, शैक्षणिक तंत्रज्ञान, शैक्षणिक व्यवस्थापन यांच्यातून निवडायचं. हायस्कूलच्या शिक्षकाला यातलं तंत्रज्ञान किंवा व्यवस्थापन जवळचं, मी तंत्रज्ञान घेतलं. मुख्याध्यापक व्हायचा विचार असेल तर व्यवस्थापन घ्या असं लोक म्हणतात, पण त्यासाठी आपल्याकडं डीएसएम आहेच, शालेय व्यवस्थापन पदविका, ती स्वस्तात आणि मराठीत होते.

भाषेवरून आठवलं. हे एम.ए. इंग्रजी किंवा हिंदीत आहे, मराठीत नाही. मराठी माध्यमात शिकून मराठी माध्यमातच शिकवणाऱ्यांना पहिले काही महिने जड जातं, खोटं कशाला सांगू. माझी एक मैत्रीण हिंदीतून करायला गेली, सोपं जाईल म्हणून, तर त्या हिंदीपेक्षा इंग्रजी परवडलं म्हणाली आणि शेवटी इंग्रजी पीडीएफ शेजारी ठेवूनच वाचायची. मराठीच हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथलं शिक्षणशास्त्राचं एम.ए. बघा, त्या वर्षी प्रवेश चालू आहेत का ते माहितीपुस्तिकेत तपासून. मी इग्नू घेतलं कारण मला पुढं नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्यायचीय आणि इंग्रजी वाचायची सवय लावून घ्यायची होती.

असाइनमेंट. तीस टक्के वजन असाइनमेंटला, सत्तर टक्के परीक्षेला. हातानं लिहायच्या, स्वतःच्या अक्षरात. आता यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर सॉल्व्ह केलेल्या असाइनमेंटचा बाजार भरलेला असतो, पन्नास रुपयाला एक, आणि मला सगळ्यात हसू कशाचं येत असेल तर दिवसभर पोरांना "गाइडमधून उतरवू नका रे" म्हणून ओरडणारे आपण शिक्षकच रात्री बसून त्या उतरवतो. सरकारच्या दीक्षा पोर्टलवरचे निष्ठा हे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स आपण कसे पूर्ण केले होते ते आठवा, व्हिडिओ चालू आणि भाजी निवडणं चालू. इथं मात्र स्वतः लिहा असं सांगीन, नैतिकता राहू दे बाजूला, परीक्षेत प्रश्न त्याच घाटणीचे येतात आणि नोकरी करून वेगळा अभ्यास करायला वेळ कुणाकडं आहे, असाइनमेंट हाच अभ्यास.

अभ्यासकेंद्राचा अनुभव नशिबावर. मला मिळालेलं केंद्र, नाव घेत नाही, तिथं रविवारी काउन्सेलिंग आहे म्हणून एसटीनं गेले तर गेटला कुलूप, वॉचमन म्हणाला सर गावाला गेलेत. पुढं मी त्या केंद्राच्या भरवशावर काही ठेवलं नाही. असाइनमेंट जमा केली की पोच घ्यायचीच, सही-शिक्क्याची, आणि मोबाईलमध्ये तिचा फोटो. ही पोच सेवापुस्तिकेइतकी जपा.

सेवापुस्तिकेवरून अजून एक. अनुदानित शाळेत असाल तर प्रवेश घ्यायच्या आधी संस्थेची लेखी परवानगी घ्या, मुख्याध्यापकांमार्फत अर्ज द्या, आवक नंबर टाकून झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. पदवी झाल्यावर तिची नोंद करायची वेळ येते तेव्हा क्लार्क पहिलं हेच विचारतो, "परवानगी होती का?" तोंडी हो म्हणालेले मुख्याध्यापक तोपर्यंत रिटायर झालेले असतात.

आता डिझर्टेशन. दुसऱ्या वर्षी छोटं संशोधन करायचं असतं, गाइड तुम्हीच शोधायचा, त्यांचा बायोडेटा आणि संमती जोडून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) पाठवायचा, मंजूर झाला की काम. बरेच जण "शिक्षकांचा आयसीटीबद्दलचा दृष्टिकोन" असलं काहीतरी घेऊन शंभर प्रश्नावल्या वाटतात आणि मोकळे होतात. मी माझ्याच नववीचा विषय घेतला, धाराविद्युत या धड्यातल्या चुकीच्या समजुती. सेल, वायर, बल्ब यांचं चित्र दिलं आणि विचारलं, बल्बच्या आधी करंट जास्त की नंतर? वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांनी लिहिलं, आधी जास्त, बल्बमध्ये थोडा खर्च होतो, उरलेला परत जातो. एकाला मुलाखतीत विचारलं असं का रे वाटतं, तर तो शांतपणे म्हणाला, "खर्च होत नसता तर लाइटबिल कशाचं येतं मॅडम?" मला त्या क्षणी पटकन उत्तर देता येईना. मग प्रयोगशाळेतून दोन अमीटर काढले, पुसले, एक बल्बच्या अलीकडं जोडला, एक पलीकडं. दोन्ही काटे एकाच रेघेवर. मला वाटलं झालं, आता पटेल. तर मागच्या बाकावरून आवाज, "दुसरा मीटर खराब असंल."

मीटरांची अदलाबदल केली, परत तेच रीडिंग, तेव्हा कुठं वर्ग गप्प झाला आणि मग ऊर्जा वेगळी, करंट वेगळा हे सांगायला जागा मिळाली. लाइटबिल ऊर्जेचं येतं, मीटरवर युनिट म्हणजे किलोवॅट-अवर मोजतात, करंट नाही. इतकी वर्षं मी हा धडा शिकवतेय, पोरं ओहमचा नियम सोडवतात, मार्क घेतात, आणि डोक्यात मात्र बल्ब करंट खातोच असतो. ही समजूत जगभरच्या मुलांमध्ये सापडते, त्यावर भरपूर संशोधन झालंय, पण ते मी कधी वाचलंच नसतं जर एमईएस ०१६ मुळं संदर्भ शोधायची सवय लागली नसती. टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रातल्या चाचण्यांना घाबरू नका, दहावीला संख्याशास्त्र शिकवणारे गणिताचे सर स्टाफरूममध्ये असतातच, चहा पाजा.

फायद्याचं विचाराल तर सरळ सांगते. पगारात लगेच काही वाढत नाही, माझ्या पगारपत्रकात एक रुपयानं फरक पडला नाही. वरिष्ठ आणि निवडश्रेणीसाठी (सेवेच्या वर्षांनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणी) काय चालतं ते जीआर काढून स्वतः वाचा, स्टाफरूममधल्या तज्ज्ञांना विचारू नका. बी.एड. कॉलेजवर जायचं स्वप्न असेल तर बहुतेक जाहिरातींत एम.एड. मागतात, आधी दोन-चार जाहिराती वाचा. नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) शिक्षणशास्त्रातून द्यायला मात्र हे एम.ए. चालतं, तिथं ओपनला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ५०. इग्नूत पास व्हायला ४० पुरतात म्हणून निवांत राहिलात तर पास व्हाल आणि नेटला बसता येणार नाही. आणि ज्यांच्याकडं पाचवी ते आठवीचे वर्ग आहेत त्यांनी हे एम.ए. राहू द्या, सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आधी टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, बघा, पदव्युत्तर झालात म्हणून त्यातून सूट नाही.

फी परवडणारी आहे, दोन वर्षांची मिळून साधारण एका मधल्या दर्जाच्या मोबाईलची किंमत. खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एम.ए.च्या जाहिराती येतात त्यात ॲप चकाचक असतं, रोज कॉल करणारी काउन्सेलर असते, फी विचारली की आवाज गोड होतो. त्यातलं एखादं घ्यायचंच असेल तर यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या विद्यापीठाचं, त्याच कोर्सचं, त्याच वर्षाचं नाव आहे का बघा.

प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोन वेळा होतात. दहावी शिकवणाऱ्यांनी जुलैचा घ्यावा. जुलैवाल्यांची परीक्षा पुढच्या जूनमध्ये येते, बोर्डाचे पेपर तपासून झाले की मे महिना हातात राहतो. जानेवारीवाल्यांची येते डिसेंबरमध्ये, आणि डिसेंबरात आपल्याकडं गॅदरिंग, सहल, क्रीडास्पर्धा, त्यात किरकोळ रजेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांसमोर उभं राहायचं म्हणजे... ज्यांनी मागितलीय त्यांना विचारा.