नदीकाठच्या वाटेवर तीनचाकी बाबागाडी

लहान मुलाला घेऊन फिरायला नदीकाठच्या वाटेइतकी सोयीची जागा क्वचितच सापडते. वाट पाण्याच्या कडेकडेने जात असल्यामुळे मोठे चढ लागत नाहीत, रस्ता चुकण्याची भीती नसते आणि मूल कंटाळले की आल्या वाटेने सहज परत फिरता येते. अडचण येते ती गाडीची. नेहमीच्या बाबागाडीची छोटी, कडक चाके गुळगुळीत फरशीसाठी केलेली असतात. मुरूम, बारीक खडी किंवा वर आलेली झाडांची मुळे लागली की ती अडकतात, आणि ढकलणाऱ्याच्या मनगटांना व आत बसलेल्या मुलाला सारखेच हादरे बसतात. म्हणून आम्ही हवा भरलेल्या मोठ्या चाकांची तीनचाकी गाडी घेतली. अशा वाटांवर तिचा भरपूर वापर झाल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

फरक पहिल्याच खडबडीत टप्प्यावर कळतो. चाकाचा व्यास मोठा असला की तेवढ्याच उंचीच्या दगडावर ते कमी जोर लावून चढते, आणि टायरमधली हवा बारीक हादरे तिथल्या तिथे जिरवते. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची कमाल मर्यादा छापलेली असते. खडीच्या वाटेवर त्या मर्यादेपेक्षा थोडी कमी हवा ठेवल्यास गाडी अधिक मऊ चालते, मात्र फार कमी ठेवल्यास ती जड होते आणि ट्यूब चिमटून फाटू शकते. काट्याने पंक्चर होण्याची शक्यता गृहीत धरून छोटा पंप आणि पॅच गाडीतच ठेवावेत.

पुढचे चाक मोकळे फिरते किंवा खटका लावून सरळ स्थितीत पक्के करता येते. वळणांच्या गुळगुळीत वाटेवर ते मोकळे ठेवावे आणि खडी सुरू झाली की पक्के करावे, नाहीतर ते थरथरू लागते. एक गोष्ट मात्र विक्रेते सांगत नाहीत. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून अशा बऱ्याच वाटांना एका बाजूला हलका उतार दिलेला असतो आणि पुष्कळदा तो नदीकडेच असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, गाडीला मात्र जाणवतो; हात सैल पडला की ती हळूहळू पाण्याच्या बाजूला झुकत जाते.

म्हणूनच माझ्या मते या गाडीची खरी परीक्षा चाकांची नसून ब्रेकची आहे. आमच्या गाडीचा ब्रेक पायाने दाबायच्या एकाच दांडीवर आहे, तो मागची दोन्ही चाके एकदम धरतो आणि लागल्याचा स्पष्ट आवाज येतो. मनगटात अडकवायचा पट्टा काहींना निरुपयोगी वाटतो. नदीकाठी तो अत्यावश्यक आहे, आणि बदके पाहायला थांबलो तरी आधी ब्रेक, मग पट्टा काढणे, हा क्रम आम्ही मोडत नाही. थांबताना गाडीचे तोंड पाण्याकडे न ठेवता वाटेला समांतर ठेवतो.

बैठक प्रशस्त आहे. खांदे, कंबर आणि दोन पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा मुलाला नीट धरून ठेवतो. मात्र आधाराशिवाय बसू न शकणाऱ्या तान्ह्या बाळासाठी पूर्ण आडवी होणारी बैठक लागते, आणि ती प्रत्येक तीनचाकी गाडीत नसते. छप्पर चांगले खाली येते. ऊन टाळण्यासाठी त्यावरून आणखी ओढणी किंवा चादर टाकण्याची सवय अनेकांना असते; ती सोडावी, कारण वारा कोंडून आतली उष्णता झपाट्याने वाढते. डासांसाठी विरळ जाळी पुरेशी आहे, पण तिच्याखालीही मुलाकडे वरचेवर पाहावे.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही किरकोळ नाहीत. गाडी जड आणि रुंद आहे. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून वाटेच्या तोंडाशी खांब रोवलेले असले किंवा चार पायऱ्या आल्या, तर ती उचलायला दोन मोठी माणसे लागतात. दुसरे म्हणजे दांड्याला जड पिशवी अडकवली आणि मूल खाली उतरले की ती मागे कलंडते. सामान खालच्या टोपलीतच ठेवावे, हे कंपनीच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत दिले आहे, ते खरे तर दांड्यावरच ठळक छापायला हवे होते.

चालायला लागलेले मूल अर्धी वाट पायीच जाते, त्या वेळी रिकामी गाडी एका हाताने सरळ चालते का, हे विकत घेण्यापूर्वी दुकानात जरूर पाहावे. घडी घालून ती आपल्या वाहनाच्या डिकीत मावते का, हेही तिथेच तपासून घ्यावे, कारण पुढचे चाक काढल्याशिवाय आमची मावत नाही.