झेरॉक्सच्या दुकानात बोलून टायपिंग: दिवाळी ते नवतपा

नागपूरच्या महाल भागात माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. वारस नोंद, फेरफार, भाडेकरार, तहसीलचे अर्ज असं सगळं काम मराठीतलं. दिवाळीपासून यातला बराचसा मजकूर मी फोनवर बोलूनच टाइप करतो. गुगल डॉक्समध्ये पान उघडायचं, जीबोर्डचा (गुगलच्या कीबोर्डचा) माइक दाबायचा, बोलायचं. मग तेच पान कॉम्प्युटरवर उघडून मांडणी करायची आणि प्रिंट काढायची. काम झपाट्यानं होतं यात वाद नाही. पण मे महिन्यात फोनचं सिस्टीम अपडेट झालं आणि पुढे जो घोळ झाला, तो आधी सांगतो. कौतुक नंतर.

अपडेटच्या दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकासमोर मी बोललो, "माझी शेती मौजा हिंगणा येथे आहे." पडद्यावर उमटलं, "मांझी सेठी मौजा हिंगना ये थे आए." गिऱ्हाईक वाकून पाहत होतं. म्हणालं, "भाऊ, हे काय लिहून राहिला तुमचा फोन?"

हा बिघाड ओळखायला सोपा आहे. मराठी शब्द हिंदीचा वेष घेऊन यायला लागले की माइकला दोष देऊ नका, भाषा बदललेली असते. माइक कोणत्या भाषेत ऐकतो, ते कीबोर्डवर त्या वेळी कोणती भाषा लावली आहे त्यावर ठरतं. स्पेसबार दाबून धरला की भाषांची यादी येते, तिथे मराठी निवडायची. माझ्या फोनवर अपडेटनंतर कीबोर्डच बदलला होता. जीबोर्डच्या जागी फोनसोबत आलेला कीबोर्ड बसला होता, त्याला स्वतःचा वेगळा माइक, आणि तो हिंदीवर. सेटिंगमध्ये 'भाषा आणि इनपुट' असं काहीतरी असतं, तिथे जाऊन जीबोर्ड परत लावला.

भाषा ठीक झाली, तर माइकचं चिन्ह दाबूनही काही उमटेना. इथे भाच्याचा उपयोग झाला. तो म्हणाला, "मामा, पहिले वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येते का ते पाहा ना." 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून कोणतंही ॲप माइक वापरत असेल तर वर हिरवी खूण दिसते, आणि वरून खाली ओढायच्या पट्टीत माइक पूर्ण बंद करायचं बटणही ठेवता येतं. माझ्याकडे ठिपका येतच नव्हता, म्हणजे आवाज आतपर्यंत पोहोचतच नव्हता. त्या बटणानं माइक बंद झालेला नव्हता, पण जीबोर्डची माइकची परवानगी गेलेली होती. ॲपच्या परवानग्यांमध्ये जाऊन ती दिली. सोबत प्ले स्टोअरमधून गुगलचं स्पीच रेकग्निशनचं ॲपही अपडेट करून घेतलं. ते आपल्याला कधी दिसत नाही, पण बोलणं ओळखायचं काम पुष्कळदा तेच करतं.

एवढं झाल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. भाषा मराठी, ठिपका हिरवा, तरी शब्दांची शेपटं गळत होती. "अर्जदाराच्या वडिलांची" म्हटलं की "अर्जदार वडील" येई. मराठीत सगळा अर्थ शेवटच्या अक्षरात. 'वडिलांची' आणि 'वडिलांना' यांत गल्लत झाली की वारस नोंदीच्या अर्जाचा बट्ट्याबोळ.

भाच्याचा पुढचा सल्ला सगळ्यात कामाचा ठरला: साध्या रेकॉर्डरवर तेच वाक्य रेकॉर्ड करून ऐका. रेकॉर्डिंग खराब असेल तर टायपिंगच्या ॲपला कितीही कुटून काही होणार नाही. ऐकलं, तर माझ्या आवाजामागे धो धो वारा. दुकानातला कूलर! अपडेट आलं तेव्हा नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, पारा 45 च्या आसपास, आणि हिवाळ्यात गप्प पडलेला कूलर सकाळी नऊपासून घरघरत होता. बोलताना वाक्याच्या शेवटी आपला आवाज आपोआप खाली येतो, आणि नेमकं तेच पंख्याच्या आवाजात बुडतं. कूलर बंद करून तेच वाक्य बोललो, प्रत्ययासकट आलं. अपडेट आणि नवतपा एकाच आठवड्यात आले म्हणून सगळं खापर अपडेटवर फुटत होतं.

आता नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसायचं तर माणूस भाजून निघेल. म्हणून घरातला ब्लूटूथ हेडसेट लावून पाहिला. तो तर आणखी वाईट. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज फोन कॉलच्या दर्जानं जातो. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. आणि 'स', 'श' यांची बरीचशी धार तिथेच असते. माझा हेडसेट जुनाच आहे, सातबारा बोललो की पडद्यावर काहीही यायचं. नव्या वाइडबँडवाल्यात, म्हणजे आवाजाचा जास्त मोठा पट्टा पकडणाऱ्यात, 16,000 नमुने असतात, तो घेतला तर फरक पडेल. मी मात्र वायरचा माइकवाला इअरफोन घेतला. माइक ओठाजवळ धरला की कूलर चालू असतानाही काम भागतं.

आता कौतुक. लांब मजकूर, म्हणजे प्रतिज्ञापत्राची हकिकत किंवा तक्रारीचा तपशील, हातानं टाइप करण्यापेक्षा कितीतरी लवकर होतो. मजकूर थेट युनिकोडमध्ये येतो, त्यामुळे कृतिदेव या जुन्या फॉन्टमधून बदलत बसायची कटकट गेली. माझं बोलणं नागपुरी आहे, "करून राहिलो" वगैरे, तेही बऱ्यापैकी पकडतं. आडनावं आणि गावांची नावं मात्र अजून हातानंच घालतो. गट नंबर आणि क्षेत्र तर बोलून घालायचंच नाही. एक आकडा चुकला तर गिऱ्हाइकाला तलाठ्याकडे पुन्हा खेप. माझ्या फोनवर मराठीला नेट लागतं, दुपारी नेट रेंगाळलं की शब्दही रेंगाळतात.

ज्याच्याकडे रोज पानभर मराठी मजकूर असतो त्यानं जरूर वापरावं. दोन ओळींच्या अर्जासाठी माइक काढायचीही गरज नाही. अपडेटचं म्हणाल, तर पुढचं आलेलं आहे, स्क्रीनवर रोज आठवण करून देतंय. ते शनिवारी रात्री टाकणार, रविवारी दुकान बंद असतं.