कमानीच्या खिडकीचा पडदा आणि माझे गेलेले १२ हजार

आर्वीकडं आमचं गाव. मागच्या वर्षी कापसाचे चुकारे आले, थोडं कर्ज काढलं आणि एकदाचं घर बांधून झालं. जिन्याच्या वळणावर कमानीची खिडकी पाहिजे हा हट्ट माझाच, मोबाईलवर फोटो पाह्यला होता कुठंतरी. मिस्त्री तेव्हाच म्हणाला होता, "भाऊ, पश्चिमेकडं हाय, विचार करा." नाही केला. मार्च संपता संपता दुपारी चारचं ऊन त्या कमानीतून सरळ खालच्या दिवाणावर यायला लागलं, जिथं बाबा दुपारी पडतात. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

तर त्याच आठवड्यात एक जण गाडी घेऊन गावात आला, मागं कापडाचे सॅम्पल, हातात लेझरचं मशीन. नवीन घरं हेरूनच फिरत असणार असं आता वाटते, तेव्हा वाटलं बरं झालं, वर्ध्याला चक्कर वाचली. "अशी कमान म्हणजे आपलं रोजचंच काम हाय भाऊ, तुमी टेन्शन घेऊ नका." खिडकीची रुंदी ५ फूट, सरळ बाजू ५ फूट आणि वर अर्धगोल, म्हणजे मधे उंची साडेसात. त्यानं लेझर दोनदा मारला, दोन आकडे लिहिले, पाच मिनिटात काम झालं. देवघरावर एक २ फुटाची गोल खिडकी आहे, तिचं माप तर खालूनच "दोन बाय दोन" म्हणून लिहिलं.

मला तिथंच खटकायला पाहिजे होतं. लेझर सरळ अंतर सांगते, वळण सांगत नाही. आणि विटांची कमान हातानं रचलेली असते, दोन्ही खांदे कधीच सारखे नसतात, आमच्या कमानीचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली निघाला. म्हणून जो खरा कारागीर असते तो जाड कागद नाहीतर पेपर चिकटवून खिडकीवर लावते, काठ पेन्सिलनं काढून घेते, फर्मा कापते, त्याच्यावर "आतली बाजू", "डावं", "उजवं" लिहिते आणि मगच कापडाला कात्री लावते. पडदा चौकटीच्या आत बसवायचा की बाहेर भिंतीवर, हे तर पहिलं विचारते, कारण त्याच्यावर सगळं माप बदलते. यानं यातलं काहीच केलं नाही आणि बिलात मात्र "साचा चार्ज १५००" लावला!

हिशोब असा: ५ गुणिले साडेसात म्हणजे ३७.५ चौरस फूट, भाव ३२०, झाले १२ हजार. गोल खिडकीचे ४५००. साचा धरून १८ हजार. कमानीचं बिल पूर्ण चौकोन धरून करतात हे नंतर कळलं, त्यात गैर नाही, पण मग माल तरी तेवढा द्यावा ना. १२ हजार ॲडव्हान्स यूपीआयनं मागितला, पैसे गेले तेव्हा स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, भलत्याच माणसाचं नाव. मी विचारलं तर "मेव्हण्याचं खातं हाय". आणि मी मान डोलावली, काय सांगू.

महिन्यानं दोन पोरं आली, मी वावरात होतो, घरी आई. त्यांनी काय बसवलं तर साधा चौकोनी रोलर ब्लाइंड, म्हणजे नळीवर गुंडाळायचा पडदा, ५ बाय ५ चा, तोही दोन इंच जास्त रुंद म्हणून आत बसेना तर नवीन भिंतीला भोकं पाडून बाहेरून ठोकला, वरची कमान पूर्ण उघडी. आई म्हणाली, "काऊन रे पोरांनो, ऊन तर वरूनच येते!" तर म्हणे कमानीचा पीस मागून येते. राहिलेले ६ हजार मागत होते, आईनं दिले नाही, "पोरगा आल्यावर" म्हणून घालवलं, नाहीतर तेही गेले असते. गोल खिडकीचं तर काही आणलंच नव्हतं.

रोलर ब्लाइंड कमानीत बसूच शकत नाही, नळी सरळ असते, कापड चौकोनीच गुंडाळते. वरच्या अर्धगोलाला पंख्यासारख्या चुण्यांचा, न सरकणारा पीस लागते. संध्याकाळी मोबाईलचा टॉर्च कापडामागं धरून पाह्यला, ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं, म्हणून दिलेल्या कापडातून माझी बोटं दिसत होती.

फोन लावला तर दोन दिवस "पाठवतो भाऊ", मग "कस्टम माल हाय, रिटर्न नाही", मग बंद. पावती काढून पाह्यली तर बिल नंबर नाही, आणि जीएसटी नंबर १३ अंकी. खरा १५ अक्षरी असते, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होते, जीएसटीच्या साइटवर टाकला की दुकानाचं नाव येते, हे पैसे देण्याआधी दोन मिनिटाचं काम होतं. १९१५ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, यूपीआयचा स्क्रीनशॉट तेवढा कामी आला. वर्ध्याच्या ग्राहक आयोगातही जाता येते, आता आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते आणि ५ लाखापर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षाची. सोयाबीन निघालं की जातो.

खिडकीचं शेवटी गावातच झालं. सुतारानं पेपरच्या फर्म्यावरून ६ एमएमचा प्लाय कापला, आणि आमच्या टेलरनं आधी मलाच हिशोब समजावला: अर्धगोलाचा काठ ५ फूट नसते, जवळपास ८ फूट भरते, चुण्या पाहिजे तर त्याच्या दुप्पट, म्हणजे १६ फूट, ५ मीटर कापड आणा. सगळ्या चुण्या खाली मधोमध ओढून बटण लावलं, प्लाय कमानीत घट्ट बसला, खाली साधा रॉड आणि पडदा. सगळं मिळून २९०० रुपये. जिन्यात दिवसाही लाइट लावावा लागते आता, पण बाबा दुपारी झोपतात.

तो ब्लाइंड बाबांनी तुरीच्या कट्ट्यांवर झाकून ठेवलाय. गोल खिडकीत आईनं उशी खोचली आहे.