फीडवर बसवलेला 1420 मेगाहर्ट्झचा एलएनए : सोलापुरात हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतर

गच्चीवर जाळीची जुनी डिश, तिच्या फीडला (डिशने एकवटलेला सिग्नल पकडणारा भाग) चिकटून हा एलएनए (लो नॉइज अँप्लिफायर, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारी छोटी डबी), खाली यूएसबी डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप, एवढाच माझा पसारा. आकाशगंगेतल्या हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची रेषा, म्हणजे 1420 मेगाहर्ट्झवरचा त्याचा रेडिओ सिग्नल, पकडायची, या एका कामासाठी घेतला. गेन 40 डीबी, नॉइज फिगर 0.8 डीबी, फिल्टर आतच.

दुकानदार गेनचा आकडा पुढे करतात. तुम्ही नॉइज फिगर विचारा, म्हणजे एलएनए स्वतःची खरखर किती घालतो ते. 0.8 डीबी म्हणजे साधारण 59 केल्विन; रेडिओत नॉइज असा तापमानात मोजतात. गेनमुळे सिग्नल वाढतो तसा नॉइजही वाढतो. पण पहिल्या टप्प्यावर पुरेसा गेन असला की पुढच्या केबलचा आणि डोंगलचा नॉइज नगण्य होतो. माझी केबल सुमारे चार डीबी खाते. हाच एलएनए खाली टेबलावर ठेवला असता, तर नुसत्या केबलने चारशेहून जास्त केल्विन घातले असते. फीडवर बसवल्यावर तेच ओझं दहा हजारांनी भागलं जातं.

तपासायची रीत सोपी. डिश आधी समोरच्या भिंतीकडे वळवायची, मग मोकळ्या, गार आकाशाकडे. भिंत 300 केल्विन धरा, आकाश दहाच्या आसपास. माझ्याकडे फरक चार डीबी येतो, म्हणजे सिस्टिम टेंपरेचर (सगळा नॉइज मिळून) सुमारे 190 केल्विन. त्यातले 59 एलएनएचे. बाकी बहुतेक फीडमधला लॉस आणि डिशच्या कडेवरून आत येणारी जमिनीची ऊब. ते काही एलएनए बदलून कमी होणार नाही, फीड सुधारावा लागेल.

आता उन्हाचं. पाच किलोहर्ट्झचा चॅनेल आणि दहा मिनिटांची सरासरी घेतली, तर हिशोबाने 0.11 केल्विनइतका बारीक फरकही दिसायला हवा. हिवाळ्यातल्या रात्री त्याच्या जवळपास जाता येतं. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र डबी इतकी तापते की हात लाववत नाही, आणि गेन हलायला लागतो. गेन नुसता 0.1 डीबीने हलला तरी 190 केल्विनवर चार केल्विनचा खोटा चढउतार होतो. मग कितीही वेळ सरासरी काढा, फायदा नाही. हे दुखणं जुनंच आहे. 1946 साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांनी त्यावर उपाय काढला: अँटेना आणि ठरावीक तापमानाचा लोड (अँटेनाच्या जागी जोडायचा रेझिस्टर) यांच्यात रिसीव्हर सारखा बदलत ठेवायचा. तसा स्विच एलएनएच्या आधी लावला तर त्याचा लॉस आपल्या माथी. म्हणून मी फ्रीक्वेन्सी बदलतो: थोडा वेळ रेषेवर, थोडा वेळ तिच्या बाजूला, आणि मग भागाकार. 1951 मध्ये हार्वर्डच्या युवेन आणि पर्सेल यांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली तीही अशीच फ्रीक्वेन्सी बदलून.

डबीवर पांढरा पत्रा सावलीसारखा बांधलाय, त्याने बराच फरक पडला. तरी मे महिन्यात धनु राशीकडचा पट्टा पाहायचा तर रात्री अडीचनंतरच. तेव्हा तो दक्षिणेला 43 अंशांवर असतो आणि गच्चीही निवलेली असते. बाजूला सरकलेली, दोन शेंड्यांची रेषा स्क्रीनवर हळूहळू वर येते तेव्हा झोपेचं काही वाटत नाही.

तक्रार एकच. एवढ्या किमतीत डबीला रबरी गॅस्केट द्यायला हवं होतं. पावसाळ्याआधी कनेक्टरवर रबरी टेप घट्ट गुंडाळाच. आणि मोबाईलचा टॉवर अगदी समोर असेल तर आधी डिशची दिशा ठरवा, मगच ऑर्डर द्या. आतला फिल्टर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या नंतर आहे, त्यामुळे टॉवरचा जोरदार सिग्नल त्या ट्रान्झिस्टरपर्यंत न गाळताच पोचतो.