वाळूसाठी छोट्या फोर-बाय-फोरचे टायर: १९५, २१५ की २३५?

वाळूत छोट्या फोर-बाय-फोरचं निम्मं काम तिच्या हलकेपणानंच होतं. सुझुकीच्या जिम्नीसारखी गाडी दोन माणसं आणि थोडं सामान धरून साडेबाराशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका चाकावर तीनशे किलोहून जरासा जास्त भार. टायर निवडताना हा तीनशेचा आकडा धरून चालायचं. वाळूच्या टायरांबद्दलचा बहुतेक सल्ला दोन-अडीच टनांच्या गाड्या चालवणाऱ्यांकडून येतो. तो जसाच्या तसा इथे लावला की पैसेही जातात आणि गाडीही रुतते.

प्रश्न सहसा तीन टायरांत अडकतो. पहिला, गाडीबरोबर येतो तो १९५/८० आर१५ (१९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, १५ हा रिमचा इंचांतला व्यास), रस्त्याच्या किंवा सौम्य एटी (ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) नक्षीचा. दुसरा, २१५/७५ आर१५ एटी, साध्या बांधणीचा, म्हणजे एलटी (लाइट ट्रक, हलक्या ट्रकसाठीची जड बांधणी) नसलेला. तिसरा, २३५/७५ आर१५ एमटी (मड-टेरेन, चिखलासाठीची नक्षी), एलटी बांधणीचा, दिसायला सगळ्यांत रुबाबदार. माझा कल दुसऱ्याकडे आहे, हे आधीच सांगतो. पहिला मात्र दिसतो त्यापेक्षा बराच चांगला आहे आणि तिसऱ्याचीही स्वतःची जागा आहे, फक्त ती वाळूत नाही.

आधी रुंदीचं बघू, कारण बहुतेकांचा हात तिथेच पहिला जातो. जितका रुंद तितका वाळूवर तरंगणार, हे पूर्ण खोटं नाही. पण हवा कमी केल्यावर टायरचा जमिनीवरचा ठसा आडवा फार पसरत नाही, तो लांब होतो. ढोबळ हिशेब करा: चाकावर ३१० किलो आणि हवेचं प्रेशर २६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.८ किलो. ठसा १७० चौरस सेंटिमीटरच्या आसपास आला. टेकलेली रुंदी १५ सेंटिमीटर धरली तर लांबी ११. प्रेशर १३ वर आणलं की क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि रुंदी जवळपास तेवढीच राहून लांबी २२ कडे जाते. हा लांबट पट्टा रणगाड्याच्या पट्ट्यासारखा वागतो, आधीच दाबून घट्ट केलेल्या वाळूवर चाक पुढे सरकतं. रुंद टायरला पुढची वाळूही तितकीच रुंद ढकलावी लागते. इंजिन लहान असलं की ही ढकलाढकली लगेच जाणवते. १९५ वरून २१५ वर गेल्याचा फायदा होतो, पण १९५ चं प्रेशर २६ वरून १५ वर आणण्यात जो फायदा आहे त्याच्यापुढे तो किरकोळ आहे.

माझ्यासाठी ज्या एका त्रासानं निकाल लावला तो म्हणजे ताठ साइडवॉल, टायरची बाजूची भिंत. वर केलेला हिशेब टायरची भिंत मऊ असेल तरच खरा ठरतो. भिंत जाड आणि ताठ असेल तर गाडीचा बराचसा भार ती भिंतच पेलते, हवेकडे कमी जातो आणि मग हवा कमी करूनही ठसा हवा तेवढा वाढत नाही. १९५/८० वर लोड इंडेक्स ९६ लिहिलेला असतो, म्हणजे तो टायर ७१० किलो पेलू शकतो. २३५/७५ च्या एलटी टायरवर सहसा १०४ असतो, म्हणजे ९०० किलो. आपल्या चाकावर आहेत तीनशे! गाडीबरोबर आलेला टायरच दुपटीहून जास्त ताकदीचा आहे. त्याच्याहून जड बांधणीचा टायर बसवणं म्हणजे हलक्या गाडीला ट्रकचे पाटे बसवण्यासारखं आहे, ते दबतच नाहीत.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. गेज १४ दाखवतं, पण एलटी टायर हवा सोडलीच नसल्यासारखा ताठ उभा असतो. खाली भिंतीला फुगवटा नाही आणि मागे पडलेला ठसा आखूड, मध्ये खोल. साध्या बांधणीचा २१५ त्याच १४ ला खाली स्पष्ट पोट काढतो आणि रिमजवळ भिंतीला हलकी वळी पडते. एलटी टायरकडून तेवढाच ठसा काढायचा तर ९-१० पीएसआयपर्यंत उतरावं लागतं आणि खरी अडचण इथे सुरू होते. टायरची बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी आतली कडा, रिमवर दाबून धरण्याचं काम हवाच करते. १० च्या खाली गेलात आणि उतारावर आडवं वळण घेतलं, किंवा पुढचं वळवलेलं चाक आधीच्या चाकोरीच्या कडेला घासलं, की बीड सुटू शकते. पूर्ण सुटली नाही तरी रिम आणि बीडमध्ये वाळूचे कण घुसतात. मग हवा हळूहळू उतरत राहते आणि पंक्चर शोधून सापडत नाही.

सुटलेली बीड वाळूत परत बसवणं हे चिकाटीचं काम आहे. जॅकखाली फळी हवी, नाहीतर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. बीड आणि रिमची बैठक ब्रशनं, मग ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. टायरच्या नक्षीवरून गोल रॅचेट पट्टा आवळायचा, म्हणजे बीड बाहेर रिमकडे सरकते. व्हॉल्व्हचा कोर (आतली बारीक झडप) काढून हवा भरायची, कारण कोर असताना हवा जाते त्यापेक्षा जास्त बीडच्या फटीतून निघून जाते. बीड दोन्ही बाजूंनी ठक् असा आवाज करून बसली की कोर परत लावायचा. छोट्या कॉम्प्रेसरला हे दर वेळी जमेलच असं नाही. म्हणून १० पीएसआय हे रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरतं ठेवावं, चालवत राहण्यासाठी नाही. जो टायर रोज तिथवर उतरायला लावतो तो माझ्या यादीतून गेला.

दुकानात हे ओळखायचं कसं? आकड्यांच्या आधी किंवा नंतर ‘एलटी’ अक्षरं आहेत का बघा, आणि साइडवॉलवर बारीक अक्षरांत प्लायची, म्हणजे आतल्या थरांची, संख्या वाचा. साध्या टायरच्या भिंतीत सहसा एक किंवा दोन थर असतात, मजबूत बनवलेल्यांत तीन. रिमवर न चढवलेला टायर उभा धरून वरून दोन्ही हातांनी जोर दिला तरी फरक कळतो. मऊ टायर दबतो, ताठ टायर हातालाच परत ढकलतो.

नक्षीचं थोडक्यात. कोरड्या वाळूत नक्षी पकड देत नाही. वाळू पकडायची नसते, तिच्यावरून जायचं असतं. एमटीच्या मोठ्या गोट्या चाक फिरलं की फावड्यासारखं खणतात आणि दोन-तीन फेऱ्यांत गाडीचं पोट टेकतं. रस्त्याच्या नक्षीचा टायर, अगदी निम्मा झिजलेलासुद्धा, वाळूत आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. त्याचं दुबळेपण वाळूपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर दिसतं: ओलं गवत, चिखल, टोकदार दगड, काटे. एटी या दोन्हींच्या मध्ये बसतो. वाळूत गाडी नेणाऱ्या बहुतेकांना अशी वाट काही किलोमीटर तरी असतेच, म्हणून मला एटी पटतो.

२३५ च्या विरुद्ध आणखी दोन मुद्दे आहेत, निकाल लावणारे नसले तरी दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत. १९५/८० चा व्यास ६९३ मिलिमीटर, २१५/७५ चा ७०४ आणि २३५/७५ चा ७३४. म्हणजे २३५ बसवला की सगळे गियर जवळपास सहा टक्क्यांनी लांब होतात. दीड लिटरच्या इंजिनाला मऊ वाळूत दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमधलं अंतर आधीच मोठं वाटतं, तिथे हे सहा टक्के टोचतात. २१५ मध्ये फरक दीड टक्क्याचा, तो कळतही नाही. दुसरा मुद्दा रिमचा. मूळ रिम साडेपाच इंच रुंद असते. २१५/७५ तिच्यावर नीट बसतो, पण २३५/७५ साठी सहसा किमान सहा इंची रिम सांगितलेली असते. अरुंद रिमवर तो चढवला की नक्षी मध्ये फुगते आणि कडा उचलल्या जातात. ज्या रुंदीसाठी टायर घेतला ती जमिनीला टेकतच नाही. आणि स्टेपनी मागच्या दारावर लटकणारी असेल तर जड चाकाचा भार दाराच्या बिजागऱ्यांवर येतो, तोही मोजा.

आता प्रेशर. हे आकडे साध्या बांधणीच्या १९५ आणि २१५ साठी आहेत, हलक्या गाडीसाठी आहेत, आणि सुरुवात करण्यासाठी आहेत. पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूत १८ ते २० पुरतात. कोरड्या मऊ वाळूत १४-१५. पिठासारख्या बारीक वाळूत किंवा टेकडी चढायची असेल तर १२. मागे चार बॅगा आणि दोन माणसं असतील तर मागच्या चाकांत दोन पीएसआय जास्त ठेवा. रिकाम्या गाडीत इंजिनाचं वजन पुढे असतं, तेव्हा चारही सारखी चालतात. एलटी टायर आधीच गाडीवर असेल तर याच आकड्यांतून तीन-चार वजा करावे लागतात, आणि त्यातला धोका वर आलाच आहे. १५ च्या आसपास असताना ताशी ४० च्या वर जाऊ नये, १२ ला २० पुरे. वेगापेक्षा झटक्यानं वळणं जास्त वाईट.

फक्त आकड्यावर विसंबू नका, टायरकडे बघा. रस्त्याच्या प्रेशरला रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची टेपनं मोजून ठेवा. वाळूसाठी हवा सोडताना ती उंची पाचव्या ते चौथ्या हिश्शानं कमी झाली की टायर कामाला लागला समजा. मग दहा-पंधरा मीटर जाऊन उतरा आणि मागचा माग बघा. ठसा सपाट, नक्षीच्या रेषा साच्यातून काढल्यासारख्या स्वच्छ असतील तर चाक नुसतं लोळत चाललंय आणि प्रेशर बरोबर आहे. रेषा पुसट, ठशाच्या मागे वाळूचे छोटे ढीग असतील तर चाक घसरतंय, आणखी दोन पीएसआय सोडा. मध्ये खोल चर आणि दोन्ही कडांना उंच बांध दिसले तर हवा अजून बरीच जास्त आहे.

गेज ० ते ३० चं घ्या. ० ते १०० च्या गेजवर १२ आणि १५ मधला फरक काट्याच्या जाडीएवढाच दिसतो, आणि इथे सगळा खेळ त्या तीन पीएसआयचाच आहे. मऊ टायर चालून तापतो: १५ पीएसआयवर आतली हवा वीस अंशांनी तापली तर प्रेशर सुमारे दोननं वाढतं. म्हणून डांबरावरून येऊन लगेच १५ केलेला टायर निवल्यावर १३ च्या आसपास निघेल. मुक्काम असेल तर सकाळी परत मोजायचं. त्याच सकाळी दवानं ओलसर झालेली वाळूही घट्ट असते. दुपारी ती सुकून सुटी झाली की आलो त्याच वाटेनं परत जाताना दोन पीएसआय कमी लागतात, हे ध्यानात ठेवा.

परत हवा भरण्याचा वेळ कुणी आधी मोजत नाही. २३५ च्या पोटातली जागा १९५ च्या साधारण दीडपट आहे. शिवाय तो ९ वरून वर आणायचा आणि १९५ किंवा २१५ फक्त १४ वरून. दोन्ही गोष्टी धरल्या तर एका टायरला लागणारी हवा जवळपास दुप्पट होते. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर तिसऱ्या-चौथ्या टायरला तापून बंद पडतो, आणि मग घाईत लोक २० वरच डांबरावर निघतात. तिथे वेगात टायर तापून भिंत आतून फाटते. थेट बॅटरीच्या क्लिपांवर चालणारा कॉम्प्रेसर घ्या आणि भरताना इंजिन चालू ठेवा.

थांबण्याचाही टायरांशी संबंध आहे. ब्रेक दाबला की चारही चाकांपुढे वाळूचा उंबरा तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. अॅक्सिलरेटर सोडून गाडीला आपसूक थांबू द्यावं, शक्यतो तोंड उताराकडे. निघताना लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गियरजोडीत) दुसरा गियर, आणि चाक नुसतं फिरलं की लगेच थांबून आपल्याच मागावरून मीटरभर मागे. बऱ्याच गाड्यांत हाय रेंजमध्ये ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) चालू राहतं आणि चाक घसरलं की इंजिनचा जोर कापतं. मऊ वाळूत शिरण्याआधी ते बटण दाबून बंद करायचं.

२३५ एलटी एमटी कुणी घ्यावा? ज्याची गाडी वर्षातले बहुतेक दिवस धारदार खडकांत आणि खोल चिखलात असते आणि वाळू एखाद-दुसऱ्या वेळी. भिंत कापली जाण्याची भीती खरी असेल तर तीच ताठ भिंत उपयोगी पडते, वाळूत थोडा त्रास सोसावा. मधला मार्ग म्हणून २१५/७५ मध्येही एलटी मिळतो, पण वाळूसाठी त्याच्यातही तीच अडचण आहे, फक्त थोडी कमी. म्हणून २१५ मागताना ‘एलटी नको’ हे शब्द दुकानदाराला स्पष्ट सांगा, कारण एटी म्हटलं की बऱ्याचदा मजबूत म्हणून तोच पुढे केला जातो.

आणि मूळ १९५ मध्ये अजून निम्मी नक्षी शिल्लक असेल तर आत्ता टायर बदलू नका. आधी चांगलं गेज, कॉम्प्रेसर आणि फावडं घ्या, १५ वर आणून वाळूत उतरा. ते झिजले की मग २१५. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्यायचा, कारण फोर-बाय-फोर लावून वेगळ्या व्यासाची स्टेपनी चालवली की पुढच्या आणि मागच्या चाकांची ओढाताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरपेटीवर, येते.