वायर न कापता करंट मोजायचा तर: एससीटी-०१३-०००

घरातल्या किंवा वर्कशॉपमधल्या लोडवर कायम नजर ठेवायची असेल, तर हा सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, खुशाल घ्या. फक्त घेताना क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे नीट वाचा. ०००च्या आत बर्डन रेझिस्टर (सीटीच्या करंटचं मोजता येईल असं व्होल्टेज करणारा) नसतो, तो १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर करंट देतो. ०३०मध्ये रेझिस्टर आतच असतो आणि ३० अँपिअरला १ व्होल्ट मिळतो. दिसायला दोन्ही जुळे भाऊ, जोडणी मात्र वेगळी.

मला सगळ्यात आवडला तो उघडणारा गाभा. मेन बंद करायचा, इन्सुलेशन शाबूत असलेल्या फेजच्या वायरीभोवती जबडा लावायचा, खटका बसला की काम झालं. टर्मिनल सोडवायला नको, आणि मोजणारं सर्किट मेन लाइनपासून पूर्ण वेगळं राहतं. शंट, म्हणजे लाइनमध्येच जोडायचा मोजणीचा रेझिस्टर, लावला की हे सुख गेलं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घातले तर मात्र एकाचं चुंबकक्षेत्र दुसऱ्याला खोडतं, मीटर शून्यावर बसतो आणि लोक सीटीच्या नावाने बोटं मोडतात.

अचूकता पाहायला २२ ओहमचा रेझिस्टर लावून पाण्याचा हीटर चालू केला. क्लॅम्प मीटरवर ९ अँपिअर. सेकंडरीचे, म्हणजे सीटीच्या आतल्या गुंडाळीचे, वेढे २०००, म्हणजे तिच्यात ४.५ मिलिअँपिअर, म्हणजे रेझिस्टरवर ९९ मिलिव्होल्ट यायला हवेत. मल्टिमीटर ९८ आणि ९९च्या मध्ये घुटमळत होता. या वस्तूकडून मी एवढीही अपेक्षा ठेवली नव्हती. मग जबड्याच्या फेराइटच्या तोंडांमध्ये कागदाचा कपटा अडकवला, तर आकडा लगेच खाली आला. एवढीशी फट पुरते, म्हणून बसवण्याआधी ती तोंडं कोरड्या फडक्याने पुसायचीच.

छोट्या लोडला हा कच्चा पडतो, कारण तिथे गाभा चुंबकित करायला लागणाऱ्या करंटचा वाटा जाणवू लागतो. तीच वायर जबड्यातून पाच वेळा फिरवा आणि आलेल्या आकड्याला पाचाने भागा. बराच फरक पडतो, पण मग कमाल मर्यादा २० अँपिअर. मोटरचे वॅट मोजताना सीटीच्या फेज कोनाची चूकही (सेकंडरीची लहर मूळ करंटच्या किंचित मागेपुढे असणं) हिशेबात धरावी लागते. हीटरला तिचा त्रास नाही.

खटकला तो ३.५ मिमीचा जॅक. लाइनमध्ये करंट असताना सीटीची सेकंडरी कधीच उघडी सोडायची नाही. सेकंडरीतल्या करंटचा विरोध संपला की सगळा प्रायमरी (मूळ लाइनचा) करंट गाभा चुंबकित करण्यात लागतो आणि टोकांवर व्होल्टेज उसळतं. ०००च्या आत संरक्षक डायोड आहे म्हणून निभावतं. पॅनलमधल्या १००/५च्या (१०० अँपिअरला ५ अँपिअर देणाऱ्या) सीटीवर हीच सवय जिवावर बेतेल, तिथे आधी शॉर्टिंग लिंकने सेकंडरीची टोकं जोडायची आणि मगच मीटर काढायचा. चुकून उपटला जाईल असा प्लग सीटीला देणं मला पटतच नाही. मी जॅक कापून बर्डन थेट केबलच्या दोन तारांवर डाख देऊन टाकतो. आधी बर्डन, मग जबडा, आणि उतरवताना उलट.

सोलरच्या किंवा बॅटरीच्या डीसी बाजूला हा चालणार नाही, तिथे चुंबकक्षेत्र थेट मोजणारा हॉल सेन्सरच लागेल.